हिरवी खूण आणि डावा गुडघा

माझ्या डाव्या गुडघ्याबद्दल घरात, शेजारात आणि कंपनीत प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. वजन कमी करा. जिने चढू नका. लसूण खा. लसूण बंद करा. आणि ज्यांना दुसरं काही सुचत नसे ते म्हणत, आता वय झालं. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी वय झालं म्हणणाऱ्यांना मी काय उत्तरं द्यायचे ती इथे लिहीत नाही, कारण हे पुढेमागे नातीच्या हातात पडेल.

अंबडला एका कारखान्यात मी इन्स्पेक्शन विभागात होते. पंपांचे ओतीव लोखंडाचे भाग मशीनवर कापून, भोकं पाडून माझ्या टेबलावर यायचे आणि ते मापात आहेत की नाहीत हे मी ठरवायचे. टेबल काळ्या दगडाचं, आरशासारखं सपाट आणि कमरेच्या वर येणारं, त्यामुळे सगळं काम उभ्यानं. खाली सिमेंटची फरशी. नव्वदच्या आसपास मी तिथे लागले तेव्हा त्या विभागात मी एकटीच बाई होते. पहिल्याच महिन्यात एक मशीनवाला मी परत पाठवलेला भाग घेऊन तणतणत आला, बाईमाणसाला काय माप कळतं म्हणून. मी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच घ्या माप. त्यानं तीनदा घेतलं, तिन्ही वेळा माझंच माप आलं, आणि तो भाग उचलून गुपचूप निघून गेला. त्या दिवसापासून शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या दालनात, मला सगळे बाई म्हणू लागले, शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं.

त्या टेबलानं मला जे दिलं ते माहेरानं दिलं नाही आणि सासरानंही दिलं नाही. तिथे मी नाही म्हटलं की नाही. मोठा साहेब आला तरी माझ्या नाहीचं हो व्हायचं नाही. हे सुख ज्यानं चाखलेलं नाही त्याला ते कसं समजावून सांगणार?

आमच्याकडे खुणांची एक पद्धत होती, ती सांगायला हवी, कारण पुढे तिच्यावरूनच सगळा गोंधळ झाला. भाग पार बिघडलेला असेल तर त्यावर लाल फुली मारायची आणि तो भंगारात जायचा. पण एखाद्या भागाची एकच बाजू चुकलेली असली आणि बाकी सगळं मापात असलं, तर तो दुरुस्तीला परत मशीनवर जायचा. अशा भागाच्या चांगल्या बाजूवर मी हिरवी खूण करायचे. हिरवी खूण म्हणजे ही बाजू बरोबर आहे, मशीनमध्ये इथे पकडा, पण कापायला इथे हात लावायचा नाही. जिथे खूण नाही तिथे कापा. मी तिथे लागले तेव्हापासून ही खूण कुणी चुकीची वाचली नव्हती.

गुडघा आधी जिना उतरताना बोलू लागला. मग सिटी बसच्या पायरीवर, मग देशी संडासात बसताना, मग जमिनीवरून उठताना. दोन-तीन वर्षांत डावा पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकला आणि चालताना मी डावीकडे झुकायला लागले. शेजारणीनं सांगितलं, सिन्नरच्या पुढे एक जण झाडपाला बांधतो, भल्याभल्यांचे गुडघे सुटलेत. मी हट्टानं एकटीच गेले. पाला बांधून परत येताना जीपमध्ये इतकी माणसं कोंबलेली होती की पाय दुमडून बसावं लागलं, आणि द्वारकेच्या चौकात उतरायची वेळ आली तेव्हा पाय सरळच होईना. दोन अनोळखी माणसांनी मला पोत्यासारखं उचलून खाली ठेवलं. पाला मी तिथल्याच कचराकुंडीत टाकला आणि रिक्षा केली.

तरी आठ तास मी उभी राहत होते. उजव्या पायावर भार टाकायचे, टेबलाला कंबर टेकायचे. दुखतंय असं कंपनीत कुणाला कळू द्यायचं नाही हे मी ठरवलं होतं, आणि त्याचं कारण माझ्या घरात बसलेलं होतं.

माझा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, फिटर होता. हात असा की केसाएवढा फरक तो बोटानं चाचपून सांगायचा. नव्वदचं दशक संपता संपता त्याच्या कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. तिला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे खरं, पण इच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती कामगारांची. त्यानं सही केली. शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा साडेपाचला उठला, दाढी केली, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला. जायचं कुठेच नव्हतं. असं त्यानं कितीतरी महिने केलं. मग एक दिवस इस्त्री सुटली, मग दाढी. त्याच्या हत्यारांची पेटी त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. सिडकोतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत मी रोज संध्याकाळी परत यायचे तेव्हा तो त्याच खुर्चीवर असायचा.

मी त्याच्यावर चिडायचे. आता वाटतं, मी त्याच्यावर नव्हे, त्या कागदावर चिडत होते.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली आणि तोच कागद माझ्याकडे आला. आमच्या कंपनीतला कार्मिक विभागाचा अधिकारी माझ्या मुलीच्या वयाचा होता. त्याची केबिन वरच्या मजल्यावर, अठरा पायऱ्या चढून. मी कठड्याला धरून वर पोचले, तर तो उठून उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात वर? मीच खाली आलो असतो. तुमचा त्रास बघवत नाही हो आम्हाला."

"मग बघू नका," मी म्हटलं.

तो हसला. माझ्यासमोर त्यानं एक छापील फॉर्म सरकवला. खाली सहीसाठी रेघ होती. त्याचं बोलणं साखरेत घोळलेलं होतं, पण मतलब सरळ होता. ऑपरेशन करायचं तर करा, विमा आहे, रजा आहे. पण तीन महिन्यांनी कंपनीच्या डॉक्टरांनी उभं राहायच्या कामाला फिट म्हणायला हवं. इन्स्पेक्शनला बसून करायचं काम नाही. फिट नसाल तर हा फॉर्म.

"आणि फिट असले तर?"

"तर टेबल तुमचंच आहे, मॅडम." हे म्हणताना त्यानं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

फॉर्म मी तिथेच टेबलावर ठेवला आणि उतरले. प्रत्येक पायरीला डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते दुखण्याचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिला डॉक्टर मोठा नावाजलेला. त्यानं उभ्यानं काढलेला एक्स-रे काचेवर लावला, पाच सेकंद पाहिला आणि म्हणाला, "पूर्ण गुडघा बदलावा लागेल." मी विचारलं, आठ तास उभं राहता येईल का? तो म्हणाला, "आता कशाला उभं राहताय? आराम करा. नातवंडं खेळवा." माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. मी दोघांकडे पाहिलं आणि एक्स-रे पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो एक्स-रे कंपनीत माझ्या टेबलापाशी नेला, दिव्यासमोर धरला आणि व्हर्नियर लावला. गुडघ्यात वरचं हाड आणि खालचं हाड यांच्यामध्ये काळी फट दिसते. ती फट म्हणजे कूर्चेची जाडी. बाहेरच्या बाजूला फट चांगली भरपूर होती. आतल्या बाजूला ती नव्हतीच, हाडाला हाड लागलेलं. मी दोनदा मोजलं. इतकी वर्षं मी जे काम केलं त्यात अशा भागाला मी कधी लाल फुली मारली नसती. एक बाजू गेलेली आहे, बाकीचं मापात आहे, मग अख्खा भाग भंगारात का टाकायचा?

हा प्रश्न घेऊन मी त्या नावाजलेल्या डॉक्टरकडे परत गेले. एक्स-रेवर मी पेन्सिलीनं मापं लिहिली होती. ती पाहून तो लालबुंद झाला.

"तुम्ही डॉक्टर आहात का मी?"

"डॉक्टर तुम्ही आहात. पण माप मी घेतलंय."

त्यानं घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. बाहेर पायऱ्यांवर नवरा माझ्यावर चिडला. "अगं, डॉक्टरांशी असं बोलतात का? तुला शॉपमध्ये असल्यासारखंच वाटतं सगळीकडे." हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. मला खरंच तसं वाटतं.

दुसरा डॉक्टर शोधायला दीड महिना गेला. गंगापूर रोडकडे त्याचं छोटं हॉस्पिटल होतं. तोही एक्स-रे पाहून थांबला, पण त्याला माझ्या पेन्सिलीच्या आकड्यांचा राग आला नाही. "हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं स्वतःची पट्टी काढून मोजलं आणि हूं म्हणाला. मग मला झोपवून गुडघा दुमडला, नडगी पुढे ओढून पाहिली, पाय आतबाहेर ढकलून पाहिला, आणखी दोन एक्स-रे काढायला लावले.

"आतली बाजूच झिजलीय," तो म्हणाला. "हाडांना बांधणारे आतले दोर शाबूत आहेत. वाटीखालीही ठीक आहे. अर्धाच गुडघा बदलता येईल. झिजलेल्या बाजूला धातूची टोपी आणि मधे प्लास्टिकची चकती. बाकीचा गुडघा तुमचा तुमच्याकडे राहील."

"मग त्या मोठ्या डॉक्टरांनी पूर्ण का सांगितला?"

"पूर्ण केला तर पुन्हा बघावं लागत नाही सहसा. अर्धा केला आणि पुढे उरलेली बाजू झिजली, तर तेव्हा पूर्ण करावा लागेल. ती झिजणारच नाही ह्याची खात्री मी देणार नाही." तो सरळ माझ्याकडे बघून बोलत होता. "आणि उभं राहायचं म्हणाल तर व्यायाम तुम्ही करायचाय. ते माझ्या हातात नाही."

मला तो माणूस आवडला. ज्यानं खात्री द्यायला नकार दिला असा तो पहिलाच डॉक्टर. मी तिथल्या तिथे तारीख घेतली.

आता माझी चूक. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला वॉर्डात पलंगावर निजवलं. पुढच्या पलंगावरची बाई सांगत होती की कुणाचा तरी भलताच पाय कापला होता म्हणे, कुठल्या तरी गावात. मी काही घाबरणारी नव्हे. पण मनात आलं, आपली काळजी आपण घेतलेली बरी. माझ्या पर्समध्ये कंपनीचा हिरवा मार्कर होता, तो कायम असायचा. मी तो काढला आणि गुडघ्यावर झकास मोठी हिरवी खूण केली. उजव्या गुडघ्यावर. चांगल्या बाजूवर. हात लावायचा नाही, म्हणून. डावा कोरा ठेवला, कापा म्हणून. जगात दुसरं कुणी ती खूण उलटी वाचेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आधी दिलेल्या गोळीनं मला डुलकी लागली.

जागी झाले ती गारव्यानं. पाहते तर वॉर्डातली मावशी माझा उजवा पाय दाढीसारखा साफ करून त्यावर पिवळं औषध फासत होती.

"अहो, काय करताय? तो पाय नाही!"

"आवो बाई, खूण तर ह्याच पायाला हाय की."

"म्हणूनच! खूण केलीय म्हणजे हात लावायचा नाही!"

मावशी औषधाचा बोळा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. "आसं कुटं आसतं का बाई? खूण करत्यात ती कापायच्या जागी. मी काय येडी हाय का?" तिनं नर्सला हाक मारली, नर्सनं मला समजावायला सुरुवात केली की ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनाच भीती वाटते. तेव्हा मी ओरडले. शॉपमध्ये मशीनच्या आवाजावर आवाज काढायची मला सवय, त्यामुळे ते ओरडणं थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत गेलं.

डॉक्टर आला. त्यानं कागद पाहिले, डावा. माझ्याकडे पाहिलं, उजवा पिवळा आणि त्यावर हिरवी खूण. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही, चांगलाच संतापला. आधी नर्सवर, कागद न बघता तयारी कशी केली म्हणून. मग माझ्यावर.

"तुमच्या कंपनीचे नियम कंपनीत. इथे खूण मी करतो."

त्यानं डाव्या मांडीवर निळ्या पेनानं बाण काढला, माझा मार्कर स्वतःच्या खिशात घातला आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. नर्स स्पिरिटनं माझी खूण घासत बसली. ती काही लवकर जाईना, लोखंडावर टिकायसाठी केलेली शाई ती. चूक माझीच होती. हे मला त्या दिवशी मान्य नव्हतं, आठ दिवसांनी झालं.

दुपारी नवरा पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. तोच फॉर्म. मी केबिनमध्ये टाकून आलेला. त्यानं कंपनीत जाऊन तो परत आणला होता, मला न सांगता.

"सही करून टाक," तो म्हणाला. "आज चांगल्या पायाचं वाटोळं झालं असतं. कशासाठी हे सगळं? घरी चल. आरामात राहू दोघं."

"आरामात? तुम्ही आरामात आहात?"

मी थांबायला हवं होतं, पण मी थांबत नाही हा माझा स्वभाव.

"सहा वर्षं मी तुम्हाला बघतेय. तुम्ही त्या खुर्चीत बसलेले असता आणि दार वाजलं की दचकता. मला तसं बसायचं नाही. एक पाय तोडून ठेवलात तरी मी दुसऱ्यावर उभी राहीन, पण त्या रेघेवर सही करणार नाही."

तो उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. मी जे बोलले ते खरं होतं, आणि तरी ते बोलायला नको होतं. माफी मागायची मला सवय नाही. मी फक्त म्हटलं, उभे का, बसा ना. तो बराच वेळ बसला नाही. फॉर्म मी उशीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं आणि डावा, खराच डावा, अर्धा गुडघा बदलला. मी जागी होते. मधूनमधून ठोकण्याचा आवाज येत होता, आणि खरं सांगते, मला भीती वाटायच्या ऐवजी उत्सुकता वाटत होती की नेमकं काय चाललंय. पुढच्या दिवशी त्यांनी मला वॉकर धरून उभं केलं. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा जी कळ गेली तिला मी मोठ्यानं शिवी दिली. मावशी पदराआड हसली. "आता चालल्या बगा," म्हणाली.

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाला. व्यायाम शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. ती म्हणाली, गुडघा रोज किती वाकतो ते बघत चला, अंदाजे नव्वदपर्यंत आला पाहिजे, मग पुढे.

"अंदाजे कशाला?" नवरा खुर्चीतून म्हणाला.

मी चमकून पाहिलं. हॉस्पिटलमधल्या त्या दुपारनंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. तो उठला, आतल्या खोलीतून स्टूल आणलं, माळ्यावर चढला आणि ती पेटी खाली काढली. प्लास्टिकवर बोटभर धूळ होती. आत तेलाच्या फडक्यात एकेक हत्यार गुंडाळून ठेवलेलं, एकालाही गंज नाही. त्यातून त्यानं कोन मोजायचं पोलादी उपकरण काढलं, फडक्यानं पुसलं, माझ्या मांडीला एक पाती लावली, नडगीला दुसरी, चष्मा कपाळावर सारून वाचलं.

"चौसष्ट."

"लिहून ठेवा," मी म्हटलं आणि हाताशी आला तो कागद दिला. तो फॉर्म होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारायला बसला. तारीख, कोन, किती पावलं, किती वेळ उभी, शेरा. टूलरूमवाल्याचं अक्षर, छापल्यासारखं. शेवटी एक रकाना ठेवला: तपासणी. तिथे रोज मी सही करायची.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते त्या कागदावर आहे. अडुसष्ट. एकाहत्तर. एकाहत्तर. सत्तर, त्या दिवशी मी रडले होते आणि नवऱ्यानं शेऱ्यात फक्त 'सूज' लिहिलं. टाके काढले. नव्वद. ओट्याशी उभी राहून भाजी चिरायची, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास, आणि तो घड्याळ घेऊन दारात उभा. मी मधेच टेकले की तो म्हणायचा, "टेकायचं नाही. उजव्यावर भार टाकू नकोस. रिजेक्ट करीन." माझेच शब्द मला ऐकवायचा. भांडणं रोज व्हायची आणि ती मला गोड वाटायची, कारण सहा वर्षांनी माझा नवरा माझ्याशी पोट भरून भांडत होता. मला कळलंही नाही अशा एका सकाळी तो पुन्हा दाढी करायला लागला होता. एकशे दहा. एकशे अठरा. मी जमिनीवर मांडी घालून बसायचा हट्ट धरला, डॉक्टरनं सध्या नको म्हणून सांगितलं होतं. नवरा म्हणाला, मापात नाही, आणि तिथे विषय संपला.

तिसरा महिना संपला. नवऱ्यानं मला स्कूटरवरून अंबडला नेलं. फाटकाच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी, त्यानं स्कूटर थांबवली. तो फॉर्म आणायची एक खेप सोडली, तर सही केल्यापासून तो कुठल्याच कारखान्याच्या फाटकाजवळ गेला नव्हता. मला घ्यायलासुद्धा नाही. "मी इथे आहे," तो म्हणाला. मी आत गेले.

अठरा पायऱ्या. कठड्याला हात लावला नाही. वर कंपनीचे डॉक्टर आणि तो अधिकारी दोघंही होते. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, चालवलं, उकिडवं नाही पण निम्मं बसून उठायला लावलं, एका पायावर उभं केलं. मग ते त्यांची बाकीची कागदपत्रं भरत राहिले आणि मला बसा म्हणाले. मी बसले नाही. तास झाला. अधिकाऱ्यानं खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना, मॅडम."

"टेबलाशी खुर्ची नसते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं, हसले आणि फिट लिहून सही केली. अधिकाऱ्यानं तो कागद निरखून वाचला. मग जुन्या सवयीनं विचारलं, "आणि तो आपला फॉर्म, मॅडम? मिस्टर घेऊन गेले होते."

मी पर्समधून फॉर्म काढून त्याच्यासमोर ठेवला. पुढची रेघ कोरी होती. त्यानं उलटून पाहिलं. वरपासून खालपर्यंत आकडे आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी सही. बहात्तर सह्या. त्याचा चेहरा पाहून मला जे समाधान झालं ते मी कधी विसरणार नाही. मी कागद तिथेच ठेवून, मान ताठ करून, पायऱ्या उतरून बाहेर आले.

नवरा टपरीपाशी नव्हता. तो फाटकाच्या अगदी समोर उभा होता, वॉचमनशी काहीतरी बोलत, हातात माझा जेवणाचा डबा. मी फिट होणार की नाही हे कळायच्या आधी त्यानं सकाळी तो भरून आणला होता आणि डिकीत लपवला होता.

"काय झालं?"

"फिट."

त्यानं मान हलवली, जणू माप अपेक्षेप्रमाणेच आलं. डबा माझ्याकडे दिला. मग विचारलं, "कागद कुठाय?"

"दिला त्यांना. तोंडावर मारून आले."

त्याचा चेहरा बदलला. "अगं, दिलास कशाला? माझ्या नोंदी आहेत त्यावर!"

मी त्याच्याकडे पाहिलं. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि आवाजात तोच जुना टूलरूमचा तोरा, हातातलं माप कुणी हलवलं तर न सोडणाऱ्या माणसाचा. सहा वर्षं मी ह्या आवाजाची वाट बघत होते.

"थांबा," मी म्हटलं. डबा परत त्याच्या हातात दिला आणि कागद आणायला पुन्हा अठरा पायऱ्या चढायला निघाले.